चैत्राचे पान

होटगी जंक्शनावर ज्यांनी चैत्रातली एखादी दुपार काढली असेल त्यांस आमच्या काव्यांतील वसंतवर्णने वाचताना थोडेसे हसू आल्यावाचून राहणार नाही. कवींचा वसंत म्हणजे मलयवायू, अशोकाची कोवळी पालवी, कोकिळेचे कूजन आणि जलक्रीडा. होटगीस वारा येतो तो तापलेल्या काळ्या जमिनीवरून, धुळीचे लोट घेऊन. रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरी आलेली असते. रानात धसकटे तेवढी उभी राहतात, आणि त्यांच्यामधून जमिनीस हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओढे कोरडे, विहिरींचे पाणी तळाशी. पळस फाल्गुनातच फुलून गेलेला असतो. डोळ्यांस हिरवे म्हणून काय उरते, तर बांधावरचा कडुनिंब.

असे असूनही ह्या मुलखात वसंत साजरा होतो, आणि तो मोठ्या हौसेने होतो. मात्र तो बागेत होत नाही. तो घरात, ओसरीवर आणि जेवणाच्या पानावर होतो. चैत्रपाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत घरोघर जे खाल्ले जाते, जे मांडले जाते आणि जे वाटले जाते त्याकडे नीट पाहिले म्हणजे ध्यानात येते की हा उत्सव उपभोगाचा जितका आहे त्याहून अधिक तो तयारीचा आहे. वर्षास पाचशे ते सातशे मिलिमीटर पावसावर जगणाऱ्या प्रदेशाने पुढच्या दोन महिन्यांस तोंड देण्यासाठी बांधलेली ही कंबर आहे. तिच्यावर फुले माळली आहेत इतकेच.

शास्त्रांनी चैत्र-वैशाख म्हणजे वसंत असे सांगितले, आणि सोलापूरकडे तर त्याच महिन्यांत अंगाची लाही होते, ही विसंगती कशी पडली? एक कारण ज्योतिषात आहे. आमचे पंचांग नाक्षत्र वर्षावर चालते. ऋतू सायन वर्षाप्रमाणे फिरतात. दोन्ही वर्षांत वीसएक मिनिटांचेच अंतर. परंतु बहात्तर वर्षांच्या आसपास त्याचा एक दिवस होतो. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मेषसंक्रांत आणि वसंतसंपात जवळजवळ एकाच दिवशी पडत. आज संपात २१ मार्चच्या सुमारास होतो आणि मेषसंक्रांत १४ एप्रिलच्या. सरकारने १९५७ साली राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू करून चैत्राचा पहिला दिवस २२ मार्चला (लीप वर्षी २१ मार्चला) बांधून टाकला. परंतु ती तारीख कचेरीच्या कागदांवर राहिली, तिच्यावरून गुढी कोणी उभारली नाही. दुसरे कारण साधे भूगोलाचे आहे. ‘रत्नावली’ नाटिकेतला वसंतोत्सव ज्याने रंगविला तो हर्ष कनोजचा राजा; त्याच्या डोळ्यांपुढे गंगा-यमुनांमधील उद्याने होती. दक्षिणेची साक्ष काढावयाची तर हालाच्या ‘गाथासप्तशती’कडे जावे. तिच्यातही आम्रमंजिरी आहेत, पण त्यांच्याबरोबर मोहाची फुले वेचणारी माणसे आणि फाल्गुनोत्सवातील चिखलफेकही आहे. तो वसंत आमच्या ओळखीचा वाटतो.

आमचे आजोळ होटगीचे. स्टेशनापासून फार दूर नसलेल्या त्या आळीत आमच्या आजोबांचे घर मराठी, भिंतीला भिंत लागून असलेले घर कन्नड, आणि समोर सोलापुरातल्या गिरणीत जाणाऱ्या एका तेलुगु विणकराचे. पाडव्याच्या सकाळी आंघोळी आटोपून गुढी उभी राहिली की आम्हां मुलांच्या जिभेवर तीन घरांचा कडुनिंब पडे. आमच्या घरी कोवळा पाला आणि मोहोर, त्यात गूळ, चिंच, ओवा, जिरे, हिंग, मिरे व मीठ घालून वाटलेली गोळी. ती न चावता गिळण्याची आमची खटपट चाले आणि आजीचा डोळा चुकत नसे. शेजारच्या अक्कांकडे ‘बेवु-बेल्ल’ म्हणजे कडुनिंब आणि गूळ, दोन्ही समोरासमोर. कडू गोडात लपविण्याचा प्रयत्न नाही. समोरच्या घरची ‘पच्चडी’ मात्र पातळ आणि चवीला सर्वांत उत्तम: कडुनिंबाची फुले, नवी चिंच, नवा गूळ, कैरीच्या बारीक फोडी, मिरची आणि मीठ, असे सहा रस एका वाटीत. आम्ही लबाड मुले आपली गोळी तोंडात धरून पच्चडीच्या घोटाबरोबर ती खाली ढकलीत असू.

तीन भाषा, तीन कृती. पण दिवस एक, शालिवाहन शक एक, अमान्त महिने एक, आणि झाड एक. पाडव्याच्या संध्याकाळी तिन्ही घरांत पंचांग वाचले जाई, आणि तिन्ही घरांतले म्हातारे त्यातला एकच भाग कान देऊन ऐकत: यंदा पाऊस किती. आमच्याकडे अर्थातच दाते पंचांग असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून सोलापुराहून निघणाऱ्या ह्या पंचांगाची दौड पुढे साऱ्या महाराष्ट्रभर गेली. होटगीकरांस तो अभिमान आपलाच वाटतो.

कडुनिंब कोणी कोणास शिकविला हा प्रश्न आम्हांस निष्फळ वाटतो. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त वसंतचर्या सांगितली आहे: थंडीत साठलेला कफ उन्हाने पातळ होऊन वसंतात कोपतो, यास्तव जड, आंबट, तेलकट व गोड पदार्थ आणि दिवसाची झोप टाळावी. कडू, तिखट व तुरट रसांचा आदर करावा तो ह्याच काळात, असे वैद्यकाचे एकंदर मत. म्हणजे पाडव्याची गोळी ही वैद्यांची मात्रा. तिला धर्मशास्त्राचा शिक्का मिळाला तोही याच जिल्ह्यात. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांनी इ. स. १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला. महाराष्ट्रातल्या घरोघरच्या आचारास गेली दोनशे वर्षे जो ग्रंथ प्रमाण मानला जातो तो हाच. त्यात वर्षप्रतिपदेस अभ्यंगस्नान व कडुनिंबाचे भक्षण आहे, चैत्रात देवांस दवणा वाहणे आहे, शुद्ध तृतीयेस गौरीचा झोपाळा आहे. आणि ह्या सर्वांबरोबर आणखी एक गोष्ट आहे: चैत्रारंभापासून उन्हाळाभर पाणपोई घालणे, आणि ज्यास ते झेपणार नाही त्याने रोज एक घागर पाणी देणे. ह्या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही पुन्हा येऊ.

भाषांची ही सरमिसळ रेल्वेने आणली असे पुष्कळांस वाटते. रेल्वेचा हातभार मोठा, ह्यात शंका नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० साली सोलापुरास पोचली व १८७१ साली रायचुरास. त्यानंतर १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. दख्खनच्या पठारावरील पुष्कळ भागांत धान्य पोचविण्यास रूळच नव्हते, हे तेव्हा सरकारास उमगले. त्या अनुभवातून १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८८४ साली होटगीपासून विजापूर, बागलकोट, बदामी ह्या मार्गाने गदगपर्यंत मीटरमापाचा फाटा गेला. दोन मापांचे रूळ होटगीस भेटत, परंतु जुळत नसत. म्हणून माणसे व माल दोन्ही येथे उतरून गाडी बदलीत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो फाटा रुंद होईपर्यंत होटगी म्हणजे वाट पाहण्याचे गाव होते. दुष्काळाने दिलेले जंक्शन, असे त्यास म्हटले तर वावगे होणार नाही.

परंतु सरमिसळ त्याहून फार जुनी आहे. याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतील अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते, आणि तो सापडला तो कन्नड नावाच्या गावी. येथून पूर्वेस कल्याणी. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याने ‘मानसोल्लास’ हा ज्ञानकोश संस्कृतात सिद्ध केला. मराठी पदांचे जुने नमुने त्यात सापडतात म्हणून आमचे भाषाभ्यासक त्यास मानतात. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील अन्नभोगाचे व पेयांचे प्रकरण अधिक मोलाचे. राजाने ताटात काय वाढून घ्यावे, कोणत्या क्रमाने खावे, पाणी कसे सुगंधित करावे, ह्याची चर्चा एक राजा स्वतः करतो. राज्य चालविण्याइतकेच ते महत्त्वाचे मानतो. ह्या प्रदेशात जेवणाच्या मांडणीस शास्त्राचा मान नऊशे वर्षांपूर्वीच मिळालेला होता. पुढे सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी तंजावरच्या आश्रयाने ‘भोजनकुतूहल’ लिहिले, आणि १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापून निघाले. तेव्हापासून पाकक्रिया पुस्तकात गेली. परंतु चैत्रगौरीची आरास अजून कोणत्याही पुस्तकावरून मांडली जात नाही. ती सासूवरून सून मांडते.

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत महिनाभर राहते. ती माहेरी आलेली लेक. म्हणून तिला पितळी पाळण्यात बसवून झोका द्यावयाचा. अंगणात चैत्रांगण काढावयाचे: गौरीचा झोपाळा, सूर्यचंद्र, शंख, चक्र, गाय, कासव, तुळशीवृंदावन, आंब्याची डहाळी, गोपद्मे, अशी कितीतरी शुभचिन्हे रांगोळीच्या एका चौकात. महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी वा मंगळवारी हळदीकुंकू. आजीच्या घरी त्या दिवशी माजघरात लाकडी पायऱ्या लागत, त्यांवर धुतलेली पांढरी धोतरे. वरच्या पायरीवर गौर, खाली समया, त्याखाली फराळाची ताटे, करंज्या, लाडू, शेव. घडाघडाने कैऱ्या, पाच-सहा दिवस आधी पेरलेल्या गव्हाचे पिवळसर कोंब, आणि अगदी पुढे कमळासारखे कापलेले कलिंगड. हे कलिंगड कापणे हे मामाचे काम. वर्षभर स्वयंपाकघराकडे न फिरकणारा तो गृहस्थ त्या सकाळी दोन तास चाकू घेऊन बसे आणि कोणास जवळ येऊ देत नसे. नदीच्या वाळूत पिकलेली ती कलिंगडे भीमेकडून येत. फुलांस मात्र ओढ असे. मोगरा दारच्या दोन वेलींचा, तोही सांडपाण्यावर जगविलेला. दवणा सोलापूरच्या बाजारातून ओल्या फडक्यात गुंडाळून आणावयाचा. एवढ्या थोड्या फुलांनी ते माजघर जसे दरवळे तसे पुढे आम्ही पुण्यामुंबईस पाहिलेल्या फुलांच्या भाऱ्यांनीही दरवळलेले आठवत नाही.

आता ह्या मांडणीतील पदार्थ पाहा. कैरीची डाळ: हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटावयाची, त्यात किसलेली कैरी, हिरवी मिरची, ओले खोबरे, मीठ, चिमूटभर साखर, वरून हिंग-मोहरीची फोडणी. पन्हे: उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलदोडा, मीठ. ओटीत भिजविलेले हरभरे आणि काकडी. ह्यातला प्रत्येक जिन्नस त्याच महिन्या-दीड महिन्यात घरी आलेला आहे. हरभरा माघ-फाल्गुनात निघतो, चिंच तेव्हाच झोडपतात, गुऱ्हाळे नुकतीच थांबलेली असतात, हळदही त्याच सुमारास काढून शिजवून वाळविलेली असते. कपाळी लागते ती हळद आणि ओटीत पडतो तो हरभरा, दोन्ही नव्या हंगामाचे. शिवाय डाळ चुलीवर शिजवावी लागत नाही. चाळीस अंशांच्या दुपारी पन्नास बायकांचे आतिथ्य करावयाचे तर ही सोय काय आहे, हे जिने ते केले तिलाच विचारावे. आणि पन्हे उन्हाच्या तडाख्यावर उतारा म्हणून आजही घरोघरी दिले जाते. घामावाटे गेलेले पाणी, मीठ आणि गोड हे तिन्ही ते एका पेल्यात परत देते.

ह्या सुंदर चित्रावर एक डाग आहे आणि तो सांगितला पाहिजे. आमच्या आजोबांची एक बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी राहिली होती. हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री डाळ भिजत घालणारी ती, पहाटे उठून पाट्यावर वाटणारी ती, कैऱ्या किसून बोटे आंबट करून घेणारी ती. दुपारी बायका येऊ लागल्या की ती मागच्या पडवीत जाऊन बसे. तिच्या हातच्या डाळीची वाहवा होई ती तिला भिंतीपलीकडून ऐकू येत असेल. महिनाभर लेक म्हणून पाळण्यात बसलेल्या गौरीस ज्या घराने झोके दिले त्या घरास आपल्या खऱ्या लेकीस पुढल्या दारी बसविता आले नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. पण कायद्यास माजघराचा उंबरा ओलांडण्यास किती वर्षे लागतात! मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या कुंकू-बांगड्या काढण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनेही तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. त्या वर्षीची अक्षय्यतृतीया ३ मेला होती. म्हणजे चैत्रगौर उठली त्याच आठवड्यात. आमच्या त्या आत्याआजीस हे कळले असते तर ती काय म्हणाली असती कोण जाणे. ती बोलत फार कमी असे.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांची पंगत रात्री. ओसरीवर पाट, पाटापुढे रांगोळीची महिरप, दोन पानांच्या मध्ये उदबत्तीचे घर. केळीचे पान होटगीसारख्या गावी दुर्मिळ. म्हणून पळसाची पत्रावळ. ज्या झाडाच्या फुलांनी रंगपंचमीस रंग दिला त्याच झाडाच्या पानांनी चैत्रात ताट द्यावे, ही ह्या कोरड्या मुलखाची काटकसर आम्हांस नेहमीच मोहक वाटत आली आहे. पान वाढण्याचा क्रम ठरलेला: वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर व त्यांच्याजवळ कैरीची डाळ, उजवीकडे भाजी, मध्ये भात-वरण. डावीकडचे तोंडी लावण्याचे, उजवीकडचे पोटभरीचे. शेजारच्या कन्नड घरीही हीच उजवी-डावी होती. होळिगे आणि पुरणपोळी ह्यांत नावापलीकडे भेद काढणारा खवय्या आमच्या पाहण्यात नाही. १९५६ साली आणि पुन्हा १९६० साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, त्यांवर वाद झाले, आयोग बसले; पत्रावळीवरच्या सीमा मात्र जेथल्या तेथे राहिल्या.

राहिली पाणपोई. चैत्रातल्या दानांत हे दान सर्वांत स्वस्त दिसते, आणि दुष्काळी मुलखात तेच सर्वांत महाग. ग्रंथात ते वाटसरूंसाठी सांगितले आहे. वाटसरूची जात आधी विचारून घ्यावी अशी अट त्या दानाच्या मुळाशी शोभत नाही. आचारात मात्र ती होतीच. २० मार्च १९२७ रोजी, उन्हाळ्याच्या तोंडावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस हजारो माणसे बरोबर घेऊन महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिऊन दाखवावे लागले, एवढ्यावरून आमच्या पाणपोयांची खरी परीक्षा होते. आमच्या आजोळीही पाडव्यापासून ओसरीच्या कडेला एक मोठा रांजण पुरला जाई. त्यात वाळ्याची जुडी, वर तरंगणारी मोगऱ्याची तीन-चार फुले. त्याच्याजवळ दोन पेले असत. एक झाकणावर, आणि दुसरा बाहेर, भिंतीच्या खुंटीला. त्या दुसऱ्याचा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला. पुढे एका चैत्रात तो खुंटीवर दिसेनासा झाला. कोणी काढला ते घरात कोणी बोलले नाही. पण त्या दिवसापासून रांजण भरण्याचे काम आत्याआजीने आपल्याकडे घेतले, एवढे आम्हांस स्मरते.

ह्याच वर्षी हळदीकुंकवाच्या दुपारी, आत बायकांची गर्दी असताना, गदगकडची गाडी चुकलेला एक म्हातारा डोक्यावर गाठोडे घेऊन ओसरीशी आला आणि ‘नीरु’ एवढाच शब्द बोलला. रांजणाशी आत्याआजी होती. तिने त्यास हाताने बसण्याची खूण केली, आत गेली, आणि पाण्याऐवजी पन्ह्याचा पेला घेऊन आली. त्याने तो उभ्यानेच संपविला, तिने दुसरा भरून दिला, तोही संपविला. मग त्याने पेला विसळून पालथा ठेवला, गाठोड्यातून गुळाचा एक खडा काढून आम्हां पोरांपैकी जवळ असलेल्याच्या हातावर ठेवला, आणि स्टेशनाची घंटा झाली तसा लगबगीने रुळांच्या दिशेने चालू लागला.